फुकट पेपरची वीस मिनिटं

स्टॉकहोम, १३ फेब्रुवारी १९९५

सोमवारची सकाळ. वर रस्त्यावर हाडं गोठवणारी थंडी आहे, पण टी-सेंट्रालेन स्थानकाच्या पोटात उबदार वाटतंय. निळ्या मार्गिकेच्या फलाटावर पांढऱ्या खडकाच्या कमानीवर निळे वेल चितारलेत, थेट छतापर्यंत. ते बघून होतात. मग तुमचा हात खिशात जातो आणि रिकामाच परत येतो. थोड्या वेळाने पुन्हा जातो. तुमचा आजचा मोबाइल तुम्हाला या काळात आणता आलेला नाही. आणला असता तरी उपयोग नव्हता, कारण त्याला लागणारं मोबाइल इंटरनेट अजून इथे नाही.

आजूबाजूची मंडळी काय करतायत बघा. कुणी समोरच्याचे बूट न्याहाळतंय, कुणी जाहिरातीचा फलक तिसऱ्यांदा वाचतंय, कुणी नुसतंच उभं आहे. ‘दागेन्स नीहेतर’ किंवा ‘स्वेन्स्का दागब्लादेत’चे वर्गणीदार आपला पेपर न्याहारीच्या टेबलावरच संपवून आलेत. उरलेले पेपर घेतच नाहीत. त्यांत तरुण जास्त.

आज मात्र स्थानकात शिरताना एक नवी रॅक दिसते. तिच्यात पेपरचे ताजे गठ्ठे, वर हिरव्या रंगात नाव: ‘मेट्रो’. एक बाई थांबते, एक प्रत उचलते आणि पैसे टाकायचा डबा शोधते. डबा नाही. ती इकडेतिकडे बघते, कुणी हटकत नाही, तशी पेपर काखेत मारून निघते. तिच्या मागचा माणूस डबा शोधायच्या भानगडीत पडत नाही.

तुम्हीही एक घ्या आणि गाडीत चढा. पेपर छोट्या आकाराचा आहे, शेजाऱ्याच्या नाकाला न लावता पान उलटता येतं. बातम्या आखूड. जगात काय झालं, शहरात काय झालं, हवामान, खेळ, टीव्हीवर आज काय. अग्रलेख नाही, कुणाची बाजू घेणं नाही. हा सगळा ऐवज साधारण वीस मिनिटांत संपावा असा बेतलेला आहे, कारण स्टॉकहोमचा नोकरदार गाडीत साधारण तेवढाच वेळ बसतो. तुमचं स्थानक येतं तेव्हा तुम्ही शेवटच्या पानावर असता. हा योगायोग नव्हे, हाच धंदा आहे.

पेले अँडरसन, मोनिका लिंडस्टेट आणि रॉबर्ट ब्राउनरहिएल्म या तिघांच्या डोक्यातून हे निघालं. पैसा यान स्टेनबेक या धाडसी उद्योगपतीच्या किनेविक कंपनीचा. पण या मंडळींनी खरी बाजी मारली ती छापखान्यात नव्हे, शहराच्या वाहतूक कंपनीच्या कचेरीत. स्थानकांत रॅक ठेवायचा हक्क त्यांनी मिळवला. पेपरच्या धंद्यातला मोठा खर्च तो घरोघर पोचवण्याचा आणि दुकानादुकानांतून विकण्याचा. इथे वाचक स्वतःच्या पायांनी, ठरलेल्या वेळी, हजारोंच्या संख्येने गठ्ठ्यापाशी येतोय. पोऱ्या नको, कमिशन नको, वर्गणीची वसुली नको. बातमीदारही मोजकेच, कारण बराचसा मजकूर वृत्तसंस्थांकडून घ्यायचा आणि कापून नेटका बसवायचा. सगळा खर्च जाहिरातींतून काढायचा.

जाहिरातदाराला यात काय मिळालं? जो तरुण पगारदार पेपर विकत घेत नाही म्हणून त्याच्या हाती लागत नव्हता, तो आता वीस मिनिटं एका जागी बसलेला, हातात पेपर धरून. तुम्हाला बातम्या मिळाल्या आणि त्या बदल्यात तुमची रिकामी वीस मिनिटं विकली गेली. सौदा तुम्हाला वाईट वाटत नाही. वाटावा असा तो नाहीच.

लंडन, १६ मार्च १९९९

चार वर्षं पुढे या. मंगळवार सकाळ, लंडनची ट्यूब. स्थानकाच्या दाराशी रॅक, रॅकमध्ये ‘मेट्रो’. तुम्हाला वाटतं, स्वीडिश मंडळी इथवर पोचली. आत बारीक अक्षरांत प्रकाशकाचं नाव बघा: असोसिएटेड न्यूजपेपर्स. म्हणजे ‘डेली मेल’ आणि ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ चालवणारं घराणं, लॉर्ड रॉदरमिअर यांचं.

झालं असं, की स्वीडिश मेट्रो लंडनला यायच्या तयारीत आहे ही कुणकुण त्यांना लागली. बाहेरच्याने येऊन घर फोडण्यापेक्षा आपणच फोडलेलं बरं, असा त्यांनी हिशेब केला. घाईघाईने पेपर उभा केला, सकाळच्या वेळी भुयारी स्थानकांत फुकट पेपर ठेवायचा एकट्याचा करार केला आणि पहिल्या दिवशी ८५,००० प्रती मांडल्या. स्वीडिश मेट्रोला लंडनचं भुयार कधीच मिळालं नाही. म्हणून जगात एकाच नावाचे, एकाच कल्पनेचे, पण एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन ‘मेट्रो’ झाले.

गाडीत जागा मिळाली तर बसा. डब्यातले निम्मे लोक आज गोंधळलेले आहेत, काहीजण पेपर जाहिरातीचं पत्रक समजून बाजूला ठेवतात. वर्ष-दोन वर्षांनी याच डब्यात तुम्हाला सलग बारा माणसं एकच पान वाचताना दिसतील. कोणीच कोणाशी बोलत नाही, लंडनच्या गाडीत तो शिष्टाचारच नाही. पण विनोदी बातमीच्या पानावर डब्याच्या दोन टोकांना दोघं एकाच वेळी गालात हसतात आणि एकमेकांना पकडतात. पुढे याच पेपरात एक सदर येईल, ‘रश-अवर क्रश’. गाडीत दिसलेल्या, आवडलेल्या पण बोलायचं धाडस न झालेल्या व्यक्तीसाठी दोन ओळींचा निरोप. सकाळी ८.१०च्या गाडीतली हिरव्या कोटातली मुलगी, कॉफी घेणार का, या थाटाचा. ज्यांच्यासाठी हा निरोप आहे ते उद्या याच गाडीत हाच पेपर उघडणार, ही खात्री असल्याशिवाय असलं सदर चालूच शकत नाही. मोठ्या थोर पेपरांना अशी खात्री कधी देता आली नाही.

पानं उलटताना एक गोष्ट नजरेतून सोडू नका. मोबाइल फोनच्या जाहिराती. या पेपराची बिलं भरणाऱ्यांत त्याही आहेत. आज त्यात कोणालाच काही वावगं दिसत नाही.

पॅरिस, १८ फेब्रुवारी २००२

इथे फार वेळ थांबायचं नाही, फक्त रस्त्यावर नजर टाका. स्वीडिश मेट्रो आज पॅरिसमध्ये उतरलाय. छापखाना कामगारांच्या संघटनेने गठ्ठे हिसकावून प्रती रस्त्यावर उधळल्यात. त्यांचं म्हणणं साधं आहे: जो पेपर फुकट मिळतो तो पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या पेपराचा गळा घोटणार आणि आमच्या कामाचाही. लोक त्या विखुरलेल्या प्रतींतली एखादी बरी प्रत उचलतात आणि वाचत वाचत जिना उतरतात. महिन्याभरात ‘वँ मिन्यूत’ नावाचा दुसरा फुकट पेपरही येतो. नावाचा अर्थच वीस मिनिटं. आता धंद्याचं गुपित पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं जातंय.

या काळात प्राग, बुडापेस्ट, फिलाडेल्फिया, बॉस्टन, टोरंटो, हाँगकाँग, सोल, जिथे भुयारी गाडी आणि पगारदार आहेत तिथे रॅक उभी राहते.

लंडन, सप्टेंबर २००६, संध्याकाळी साडेपाच

इथे मात्र रमा. या गोष्टीतला सगळ्यात गमतीचा आणि सगळ्यात वेडा काळ हाच.

ऑक्सफर्ड सर्कस स्थानकाकडे चालायला लागा. पन्नास पावलांत तुमच्यासमोर पहिला हात येतो, हातात पेपर. तुम्ही नको म्हणता. पाच पावलांवर दुसरा हात. हा दुसरा पेपर. रंगीत जाकिटं घातलेली ही मुलं जगाच्या कानाकोपऱ्यातून लंडनला आलेली आहेत, तासावर पगार आहे आणि गठ्ठा संपवायचा आहे. लग्नाच्या पंगतीतला वाढपी ‘आणखी एक जिलबी’ म्हणत पानावर वाकतो तसं यांचं चाललंय. नको म्हणायला हात वर केलात तर त्याच हातात पेपर येतो.

एक आहे ‘लंडन लाइट’, ३० ऑगस्टला सुरू झालेला, असोसिएटेडचा. दुसरा ‘दलंडनपेपर’, नाव इंग्रजीत सलग, मध्ये जागाच न सोडता लिहिलेलं. तो ४ सप्टेंबरचा, रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज इंटरनॅशनलचा. सकाळचा मेट्रो असोसिएटेडच्या मुठीत होता, म्हणून मरडॉक यांनी संध्याकाळ निवडली. संध्याकाळ त्यांच्या हातात जाऊ नये म्हणून असोसिएटेडने पाच दिवस आधीच आपला पेपर रस्त्यावर आणला. यात गंमत अशी, की संध्याकाळचा ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ही असोसिएटेडचाच. तो ५० पेन्सला विकला जातोय, आणि त्याच घरातला धाकटा त्याच्याच बातम्या आखूड करून पलीकडच्या कोपऱ्यावर फुकट वाटतोय.

दोन्ही पेपर घेऊन सरकत्या जिन्याने खाली उतरा. ‘लाइट’ची बढाई अशी की त्याची शाई हाताला लागत नाही. बोट घासून बघा. मग ‘दलंडनपेपर’ उघडा. त्यात ‘सिटी बॉय’ नावाचं निनावी सदर आहे, शेअरबाजारातला एक माणूस आपल्याच धंद्यातली लबाडी आणि उधळपट्टी मिटक्या मारत सांगतोय. दोन वर्षांनी तो स्वतःचं नाव जाहीर करेल, तोवर ‘सिटी’ या लंडनच्या वित्तीय भागातल्या कचेऱ्यांत तो कोण यावर पैजा लागतील. ‘लव्हस्ट्रक’ या सदरात पुन्हा तेच, गाडीत दिसलेल्यांना धाडलेले निरोप.

आता डब्यात बघा. आसनांच्या मागे, खिडकीच्या कडेला असलेल्या अरुंद फळीवर पेपर खोचलेत. आसनावर पेपर, पायाखाली पेपर, दारातून बाहेर पडणाऱ्याच्या बुटाला चिकटलेलं एक पान. तुमच्या आसनावरच्या प्रतीत कुणीतरी सुडोकू अर्धं सोडवलंय. उजव्या वरच्या चौकोनात सात दोनदा आलाय, तिथेच त्याने नाद सोडलाय. तुम्ही पेन काढून ते दुरुस्त करायला बसता. तीन स्थानकं जातात. उतरताना तुम्हीही पेपर तिथेच ठेवता. पुढच्या माणसाला तो टाकून दिलेला वाटत नाही, ठेवून दिलेला वाटतो.

वर मात्र वेस्टमिन्स्टरच्या पालिकेला तसं वाटत नाही. रोज रात्री टनांनी कागद उचलावा लागतोय. प्रकाशकांनी कचऱ्याचा खर्च सोसावा, कागदाच्या पेट्या बसवाव्यात, नाहीतर वाटपावर निर्बंध आणू, असा तिचा धोशा चालू आहे. दोन्ही मिळून दिवसाला आठ-नऊ लाख प्रती वाटायच्या म्हटल्यावर तो चुकीचा म्हणता येत नाही.

इथे तुमच्यातला मुंबईकर जागा होतो. रस्त्यावर लोळणाऱ्या त्या कागदाचे किलो तुम्ही मनातल्या मनात मोजायला लागता. ठाणे स्थानकात पहाटे चार वाजता अशी फुकट रॅक भरून ठेवली तर पहिली लोकल यायच्या आत ती रिकामी झालेली असेल, आणि ते सगळे वाचकच असतील असं नाही. आपल्याकडे पेपर मुळातच इतका स्वस्त, की महिन्याच्या बिलातला बराचसा भाग रद्दीवाला परत देतो. ज्या कागदाला रद्दीच्या वखारीत भाव आहे तो चौकात फुकट ठेवून चालत नाही. शिवाय ८.१२च्या फास्टमध्ये पान उलटायला कोपर हलवायची सोय कुठे आहे? तिथे चौघड्या घातलेला पेपर छातीशी धरून वाचायचा आणि खांद्यावरून तिघांनी वाचायचा, ही आपली पद्धत. म्हणून २००५च्या मे महिन्यात ‘मुंबई मिरर’ आला तोही स्थानकावरच्या रॅकमध्ये नाही, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या घडीत बसून घरोघर आला. आणि ही रद्दीची अटकळ नुसती आपलीच नाही. सोलच्या भुयारी गाडीत याच सुमारास म्हातारी माणसं पिशव्या घेऊन डब्याडब्यांतून फिरतायत आणि सामानाच्या फळीवर लोकांनी टाकलेले फुकट पेपर वेचून विकतायत.

लंडन, २००९

दोन शेजाऱ्यांच्या भांडणात बहुधा एकाचं घर जळतं. इथे तीन जळतात.

जानेवारीत असोसिएटेडने ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ची बहुतांश मालकी अलेक्झांडर लेबेडेव यांना विकली. किंमत एक पौंड. हे गृहस्थ पूर्वी सोव्हिएत गुप्तचर खात्यात होते, आता धनाढ्य आहेत. १८२७ साली सुरू झालेला पेपर एका नाण्यात गेला. मे महिन्यात तुम्ही बसच्या अंगावर एक जाहिरात बघता, त्यात ‘स्टँडर्ड’ लंडनकरांची माफी मागतोय. आम्ही तुमच्यापासून तुटलो, फार रडगाणं गायलो, माफ करा. पेपर स्वतःच्याच वाचकांची पाया पडून क्षमा मागतो, हे दृश्य रोज दिसत नाही.

१८ सप्टेंबरला ‘दलंडनपेपर’चा शेवटचा अंक निघतो. २००८च्या जूनपर्यंतच्या एका वर्षात त्याने सव्वा कोट पौंडांहून जास्त गमावले होते. त्यानंतरच्या मंदीने जाहिराती आटवल्या. १३ नोव्हेंबरला ‘लंडन लाइट’ही बंद पडतो. ज्याला मारण्यासाठी तो जन्माला आला तो मेला, मग याचंही काम उरलं नाही.

या दोन तारखांच्या मध्ये, १२ ऑक्टोबरच्या दुपारी, स्थानकाबाहेरच्या ‘स्टँडर्ड’ विक्रेत्यापाशी उभे राहा. या माणसाला तुम्ही तीन वर्षं बघत आलात. लाकडी टपरी, बाजूला तारेच्या जाळीत अडकवलेला फलक, त्यावर मार्करने लिहिलेला मथळा. मथळ्यात नेमकी ती एकच गोष्ट गाळलेली असते जी कळण्यासाठी पेपर घ्यावा लागतो. तो पैसे बघायचाही नाही. डाव्या हाताने नाणं घ्यायचं, उजव्या हाताने पेपर दुमडून द्यायचा, तोंडाने हाळी चालूच. आज ५० पेन्सचं नाणं पुढे केलंत तर तो मान हलवतो. आजपासून फुकट.

मालकांचा हिशेब चुकीचा नाही. ५० पेन्सातला मोठा वाटा पेपर विकण्याच्या यंत्रणेवरच खर्च होत होता. विकणंच बंद केलं तर तो खर्च वाचतो. प्रती अडीच लाखांच्या आसपास होत्या त्या सहा लाखांवर न्यायच्या आणि जाहिरातदाराला तो आकडा दाखवायचा. हिशेब काही वर्षं जुळतोही. पण विकणं बंद झालं की विकणाऱ्याचं काम काय? हाळी, फलक, सुट्टे पैसे, यांतलं काहीच लागत नाही. पेपर पुढे करणारा कोणताही हात चालतो, आणि पुढे तर नुसती रॅकही चालते.

लंडन, २०१२ ते २०१८

जून २०१२. ऑलिम्पिक तोंडावर आलंय. व्हिक्टोरिया मार्गिकेच्या डब्यात बसा. आता तुमचा मोबाइल तुम्हाला परत मिळालाय, कारण इथे तो कामाचा आहे. काही स्थानकांत वायफाय सुरू झालंय. गाडी स्थानकात थांबते तेवढ्या अर्ध्या मिनिटात डब्यातल्या माना खाली जातात आणि अंगठे धावायला लागतात. दारं बंद होतात, गाडी बोगद्यात शिरते, पडद्यावरचं चक्र फिरत राहतं. मग मंडळी सुस्कारा टाकून मांडीवरचा पेपर पुन्हा उचलतात. स्थानक फोनचं, बोगदा पेपराचा, अशी वाटणी झालीय.

ही वाटणी बघून पेपर उद्याच मरणार असं म्हणाल तर फसाल. मार्च २०१८चे आकडे बघा: ‘मेट्रो’च्या दिवसाला जवळपास पावणेपंधरा लाख प्रती जातायत आणि त्याने ‘सन’ला मागे टाकलंय. मरडॉक यांचा ‘सन’, ब्रिटनमधला सर्वांत खपणारा म्हणून मिरवलेला. संध्याकाळच्या फुकट पेपरात हरलेल्या मरडॉक यांना सकाळच्या फुकट पेपरानेही चितपट केलं. हे शिखर आहे. मात्र ‘मेट्रो’च्या प्रती फारशा वाढलेल्या नाहीत, ‘सन’च्या घसरल्यात, हे त्या आकड्यांतच लिहिलंय.

वॉशिंग्टन, १२ सप्टेंबर २०१९

एक धावता फेरा. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चा फुकट पेपर ‘एक्सप्रेस’ २००३पासून इथल्या स्थानकांवर वाटला जातोय. आजचा अंक शेवटचा. पहिल्या पानावरचा मथळा वाचून तुम्हाला हसू येतं. त्याचा मराठमोळा आशय असा: बसा आता ते मेले फोन कुरवाळत. इथल्या भुयारातही आता फोनला रेंज आहे. पेपर वाटणारी माणसं नेहमीच्या दारांशी उभी आहेत, कित्येक प्रवासी त्यांना नावाने ओळखतात. आज काहीजण थांबून हात मिळवतायत.

याच वर्षी, जिथून आपण निघालो त्या स्टॉकहोममध्येही ‘मेट्रो’ छापणं बंद झालं. किनेविकने त्याआधीच हात काढून घेतला होता.

लंडन, मार्च २०२०

ज्युबिली मार्गिकेच्या पूर्वेकडच्या भागात, वेस्टमिन्स्टर ते कॅनिंग टाउन, या महिन्यात बोगद्यातही फोर-जी सुरू झालं. पेपराच्या वाट्याला उरलेला बोगदाही गेला. पण तो क्षण बघायला डब्यात माणसंच नाहीत. टाळेबंदी लागलीय. रॅक भरून ठेवायच्या कुणासाठी? ‘स्टँडर्ड’ने शेवटी फुकट पेपर घरोघर टाकायला सुरुवात केली. घरपोच पेपराचा खर्च वाचवण्यातून ही सगळी कल्पना जन्मली होती, आता तिच्याच माणसांना पिशवी खांद्याला लावून दारोदार जावं लागतंय. घरी बसलेल्या माणसाकडे पेपर पोचला खरा, पण ती रिकामी वीस मिनिटं त्याच्याकडे कुठे होती? ती प्रवासातच राहिली होती.

लंडन, १९ सप्टेंबर २०२४

गुरुवार दुपार. ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चा शेवटचा दैनिक अंक उचला. मे महिन्यातच कंपनीने कर्मचाऱ्यांना कारणं सांगितली होती: भुयारात वायफाय, घरून कामामुळे घटलेला प्रवास, बदललेल्या सवयी. सहा वर्षांत ८ कोटी ४५ लाख पौंडांचा तोटा. सोमवारी आणि शुक्रवारी तर कचेऱ्या निम्म्या रिकाम्या. जाहिरातदाराला आठवड्याचे पाच दिवस विकता येत होते तिथे आता तीनच उरलेत.

पान उलटत जा. शहरातला गुन्हा, न्यायालय, भाडी, रेल्वेचा संप, नवं नाटक. दोन शतकांच्या जवळ गेलेल्या या पेपराने शहराला रोज दुपारी स्वतःचंच वर्तमान सांगायचं ठरवलं होतं. फुकट झाल्यावरही त्याच्याकडे स्वतःचे बातमीदार आणि समीक्षक होते. याच बाबतीत तो नुसत्या कापाकापीवर चालणाऱ्या रॅकच्या पेपरांहून वेगळा होता, आणि याच कारणाने तो महागही पडत होता.

आठवड्याने, २६ सप्टेंबरला, ‘द लंडन स्टँडर्ड’ नावाचं साप्ताहिक निघतं. पहिल्याच अंकात व्हॅन गॉगच्या प्रदर्शनाचं समीक्षण आहे, आणि ते ब्रायन स्यूअल या कलासमीक्षकाच्या शैलीत. स्यूअल यांना जाऊन नऊ वर्षं झालीत. लिहिलंय कृत्रिम बुद्धिमत्तेने. हा निव्वळ खोडसाळ प्रयोग, असं संपादक म्हणू शकतात. पण दैनिक बंद करताना माणसं कमी केलेल्या पेपराने मेलेल्या माणसाला यंत्राकडून कामाला लावावं, यातला कडवटपणा तुम्हाला नाकारता येत नाही.

आज

सकाळी लंडनच्या स्थानकात शिरा, ‘मेट्रो’ची रॅक अजून आहे. प्रती खूपच घटल्यात, पण रोज लाखांत आहेत. सकाळ टिकली आणि संध्याकाळ गेली, याचंही कारण साधं आहे. संध्याकाळपर्यंत सगळ्या बातम्या फोनवर चार वेळा शिळ्या झालेल्या असतात; सकाळी अजून काहीजणांना झोपेतल्या डोळ्यांनी पडद्याऐवजी कागद बरा वाटतो.

एवढं फिरून आल्यावर कुणी म्हणेल, फोनने पेपर मारला. मला ते अर्धवट वाटतं. फुकट पेपराने स्वतःच हे दाखवून दिलं होतं, की वाचकाला बातमी विकण्यापेक्षा वाचकाची फावली मिनिटं विकण्यात जास्त पैसा आहे. एकदा हे कळल्यावर ती मिनिटं ज्याला जास्त घट्ट पकडता येतील त्याच्याकडे ती जाणारच होती. वीस पानं वीस मिनिटांत संपत होती. फोन संपत नाही. स्थानक आलं तरी संपत नाही, घर आलं तरी संपत नाही. शिवाय त्याच्यासाठी कुणाला भुयारी रेल्वेशी करारही करावा लागत नाही, रॅक तुम्हीच खिशात घेऊन फिरता.

पंचवीस-तीस वर्षांत डब्यातल्या माणसाची किंमत कमी झालेली नाही. त्याची ती वीस मिनिटं आजही रोज विकली जातात, पूर्वीपेक्षा चढ्या भावाने. फरक एवढाच, की पूर्वी ती विकणाऱ्याला त्या बदल्यात त्याच शहरात, कोर्टात आणि पालिकेत बसणारे, निदान चार बातमीदार पोसावे लागत.